आवाजावर हिसका देऊ नका

गेल्या अंकात टेक्ससमधल्या लार्जमाउथ बास या शिकारी माशावर आणि त्याला पाण्यावर तरंगणाऱ्या लूरने, म्हणजे खोट्या आमिषाने, कसं गरवायचं यावर लिहिलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आली. बरीचशी इथल्या मराठी घरांतली, काही थेट महाराष्ट्रातून. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतले आहेत. काहींनी नाव छापू नका असं कळवलं होतं, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

प्रश्न: ताई, लेख वाचून दोन टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर चालणारे, लूर घेतले. पहाटे तळ्यावर गेलो की मासे येतात, नाही असं नाही. धप्पकन आवाज होतो, पाणी उडतं, मी जोरात हिसका मारतो आणि लूर सुसाट उडून माझ्याच अंगावर येतो. मासा गायब. मित्र म्हणतो गळ बोथट आहेत, पण ते नवे कोरे आहेत. काय चुकतंय?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर: गळ ठीक आहेत, घाई नडते आहे. आवाज ऐकून हिसका द्यायचा नाही. हाताला वजन लागलं की द्यायचा. एवढं जमलं की बाकीचं सरावाने येतं. हे जमलं नाही तर कितीही महागाचं सामान आणा, मासा काठावर येणार नाही.

कारण सांगते. बास आपलं भक्ष्य दातांनी धरत नाही. तो जबडा आणि कल्ले एकदम ताणून उघडतो, तोंडात पोकळी तयार होते आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं. खोल पाण्यात हे बिनबोभाट होतं. पृष्ठभागावर मात्र पाण्याबरोबर हवाही आत शिरते, ओढ कमी पडते, आणि आपल्याला ऐकू येतो तो धप्प आवाज या सगळ्या गडबडीचा असतो. त्या क्षणी लूर तोंडात असेल, नुसता ओठांत असेल, नाहीतर फटक्याने वीतभर लांब उडालेला असेल. आवाजाला हिसका दिलात तर तिन्ही वेळा तो माशापासून लांब जाणार. थांबलात तर पहिल्या वेळी मासा लूर घेऊन खाली वळतो, दोरी ताणली जाते, मनगटाला जडपणा कळतो. उरलेल्या दोन वेळी तो बऱ्याचदा परत फिरतो, कारण त्याची शिकार अजून तिथेच तडफडते आहे.

म्हणून फटका बसला तरी लूरची चाल मोडू नका. जशी चालली होती तशीच चालू द्या. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे असू द्या. वजन आलं की रॉड बाजूला ओढून घ्यायचा, डोक्यावरून झटका द्यायचा नाही. तीन टोकांचे गळ बारीक तारेचे असतात, तेवढ्यावर आपसूक रुततात. माझ्याबरोबर कुणी नवखं आलं की मी त्यांना लूरकडे बघूच देत नाही. पलीकडच्या काठावरच्या झाडांकडे बघा, लूर चालवत राहा आणि हाताला काय कळतं तेवढंच मला सांगा, असं सांगते. डोळ्यांनी पाहिलं की हात आधी उठतो, त्याला इलाज नाही. न बघता गरवलं की एका सकाळीच फरक दिसतो.

सामानाचाही थोडा भाग आहे. फार ताठ रॉड असेल तर लूर माशाच्या तोंडातून ओढून काढला जातो. या लूरना सात फुटी, मधल्या भागातून वाकणारा रॉड बरा. दोरीचं म्हणाल तर साधा नायलॉनचा तंगूस, चौदा ते सतरा पाउंडांचा. तो थोडा ताणतो, हिसक्याची घाई पोटात घालतो, आणि मुख्य म्हणजे सहजी बुडत नाही. फ्लुरोकार्बन (दोरीचा दुसरा प्रकार) पाण्यापेक्षा बरंच जड, ते बुडतं आणि लूरचं नाक खाली ओढतं. खालच्या लूरना ते उत्तम, इथे नको. ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी तरंगते आणि लांब जाते, पण मऊ असल्यामुळे पुढच्या गळात गुंतते. तिच्या पुढे दोनेक फूट जाड तंगूस बांधला की गुंता थांबतो.

आणखी एक करा. दुसरा रॉड हाताशी ठेवा, त्याला शिसं न लावलेला मऊ रबरी किडा अडकवलेला असू द्या. मासा फटका मारून चुकला आणि परत आला नाही तर पाण्यावरची वर्तुळं पसरत असतानाच तो किडा त्यांच्या मधोमध टाका आणि त्याला आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. डिवचलेला बास तो किडा पुष्कळदा बुडता बुडताच घेतो. तेव्हा दोरी बाजूला सरकताना दिसते, बाकी काही कळत नाही.

प्रश्न: दुकानात भिंतभर लूर लटकवलेले असतात. पॉपर, वॉकर, बझबेट, प्लॉपर, बेडूक. किमती वीस-वीस डॉलर. मी आणि माझा मुलगा, आम्ही दोघंच. कुठले घेऊ? रंग कुठला? हे लूर खरंच चालतात की माणसांना पकडण्यासाठीच बनवलेले असतात?
— एक वाचक, प्लेनो

उत्तर: चालतात. त्यातले काही तर माझ्या-तुमच्या जन्माच्या आधीपासून चालत आलेत. मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावच्या जेम्स हेडननी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लाकडाचे बेडूक कोरून त्यांवर बास धरले. पुढे त्यांच्या घराण्याच्या कंपनीने झारा स्पूक काढला. १९३९ पासूनचा तो प्लास्टिकचा, सिगारच्या आकाराचा लूर अजून दुकानात मिळतो. ओहायोतल्या फ्रेड अर्बोगास्टचा जिटरबग त्याच सुमाराचा. रात्री चुळूक चुळूक वाजत येणारा तो लूर माझ्या डब्यात कायम असतो.

तीनच लूर घ्यायचे तर एक स्पूक, एक पॉपर आणि एक पोकळ रबरी बेडूक घ्या. बाकीचे पुढच्या वर्षी.

स्पूकला स्वतःची चाल काहीच नाही. नुसता ओढलात तर काठीचा तुकडा ओढल्यासारखा सरळ येतो. चाल तुमच्या मनगटातून यायला हवी. लूर पडला की वर्तुळं विरू द्या. मग रॉडचं टोक खाली करून एक छोटा, तुटक झटका, आणि लगेच टोक लूरकडे परत. यातलं परत नेणंच महत्त्वाचं, कारण दोरी सैल पडली तरच लूरला बाजूला घसरायला वाव मिळतो. लूर डावीकडे घसरला की पुढचा झटका, आता तो उजवीकडे जातो. रीलचा दांडा दर झटक्याला अर्धाच फेर फिरवा, फक्त जास्तीची ढिलाई गोळा होईल इतका. चाल बसली की लूर जागच्या जागी मान हलवल्यासारखा दोन्ही बाजूंना वळतो, पुढे जेमतेम सरकतो, आणि प्रत्येक वळणाला पोटातल्या छऱ्यांचा टक टक आवाज येतो. सगळेजण फार जोर लावतात. जोर नको, लय हवी. घराजवळच्या पोहण्याच्या तलावात गळ काढून सराव करा, मुलगा तुमच्या आधी शिकेल.

पॉपरच्या तोंडाला खळगा असतो. झटका दिला की तो पाणी गिळून थुंकतो. त्याची गंमत थांबण्यात आहे. एक पॉप, मग पूर्ण शांत. बुडालेल्या झाडाच्या फांदीशेजारी, बोटीच्या धक्क्याच्या सावलीत तो नुसता पडून राहिला तरी चालेल. मागच्या गळाला पिसं बांधलेला घ्या, कारण लूर थांबला तरी ती पिसं पाण्यात उघडमीट करत राहतात आणि पुष्कळ मासे नेमके त्याच गळाला लागतात.

बेडकाचं गणित वेगळं. त्याचे दोन्ही गळ पाठीवर, अंगाला चिकटून असतात, म्हणून तो शेवाळावरून, कमळाच्या पानांवरून न अडकता येतो. जिथे दुसरा कुठलाही लूर टाकायची सोय नाही तिथे तो टाका. इथे मात्र वर सांगितलेलं सामान चालणार नाही. ताठ रॉड आणि पन्नास ते पासष्ट पाउंडांची ब्रेडेड दोरी हवी, कारण मासा गवतासकट ओढून काढायचा असतो. वजनाची वाट इथेही बघायची, पण एकदा वजन आलं की दोन्ही पाय रोवून जोरात ओढायचं.

रंगाचा फार घोर लावून घेऊ नका. बास खालून बघतो, त्याला उजेडाच्या आकाशावर लूरचं पोट आणि त्याची आकृती दिसते. पाठीवर रंगवलेले खवले आणि डोळे आपल्यासाठी. निवळ पाण्यात आणि उन्हात पांढरट किंवा चंदेरी पोट, ढगाळ हवेत, गढूळ पाण्यात आणि रात्री काळं. काळ्या लूरची आकृती अंधारात सगळ्यात ठसठशीत उमटते, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

प्रश्न: माझे आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी येणार आहेत. बाबांना गरवायचं आहे. परवाना लागेल का?
— एक वाचक, शुगरलँड

उत्तर: लागेल. टेक्ससमध्ये सतरा आणि त्यावरच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाला लागतो, पाहुण्यांनाही. एका दिवसाचाही मिळतो, टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावर घरबसल्या काढता येतो. मात्र राज्याच्या स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा तिथल्या धक्क्यावरून गरवायला परवाना लागत नाही, फक्त पार्कचं प्रवेशशुल्क. बाबांसाठी हेच सोयीचं. बसायला बाक, सावली, स्वच्छतागृह सगळं असतं. जूनच्या पहिल्या शनिवारी तर राज्यात सगळ्याच सार्वजनिक पाण्यावर विनापरवाना गरवता येतं.

प्रश्न: आम्ही सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ-दहाला पोचतो आणि दुपारपर्यंत लूर फेकत राहतो. एकही फटका नाही. जागा चुकतेय की वेळ?
— एक वाचक, आर्लिंग्टन

उत्तर: तुमच्या वर्णनावरून वेळ. जूनमध्ये नऊला पोचणं म्हणजे जेवणावळ उठल्यावर पोचणं. बासला पापण्या नाहीत आणि त्याची बाहुली आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. ऊन चढलं की तो सावली गाठतो किंवा खाली जातो. अंधूक उजेडात त्याचं पारडं जड असतं, म्हणून फटफटायच्या आधी लूर पाण्यात असायला हवा. संध्याकाळी सूर्य झाडांच्या मागे गेला की पुन्हा तासभर मिळतो. ढगाळ, भुरभुर पावसाचा दिवस असेल तर दिवसभर चालतं. फक्त वीज दिसली की त्या क्षणी सामान आवरून गाडीत बसायचं. ग्रॅफाइटच्या रॉडमधून वीज वाहते, यात हयगय नको.

ऋतूचं म्हणाल तर पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की सुरुवात करा, पासष्टच्या वर खरा रंग चढतो. थंडीत बास खातो, पण वर यायची ताकद खर्च करत नाही.

मला विचाराल तर एप्रिलचा शेवट आणि मे हे वर्षातले सोन्याचे दिवस. आमच्याकडे लेक फोर्कला, डॅलसच्या पूर्वेला दीड तासावर, या दिवसांत शॅड नावाच्या चंदेरी माशांची वीण चालते. पहिल्या उजेडाला ते शेकड्यांनी काठाच्या दगडांना, पुलाखालच्या दगडी बांधाला, लाकडी धक्क्यांच्या खांबांना चिकटून अंडी घालतात. जाऊन नुसतं उभं राहा. काठाला लागून पाणी थरथरताना दिसतं, दगडांवर बोटाएवढे मासे उड्या मारतात, बगळे ओळीने उभे असतात. बगळे दिसले की तिथेच थांबायचं. बास त्या थव्याच्या मागेच असतो, बांधापासून हात-दोन हातांवर, आणि तो काठाकडे तोंड करून असतो. म्हणून लूर समोर खोल पाण्यात फेकू नका, बांधाला समांतर फेका, दगडांना घासून चालवा. सूर्य झाडांच्या वर आला की पाच-दहा मिनिटांत सगळा खेळ संपतो, दिवा मालवावा तसा. उशिरा आलेल्यांना त्या जागी काही होतं याचा पत्ताही लागत नाही.

मेच्या मध्यापासून ब्लूगिल नावाचे लहान मासे काठाजवळ उथळ पाण्यात गोल खळगे करून घरटी करतात, एकाला लागून एक. त्या वसाहतीच्या कडेने मोठे बास गस्त घालतात. तिथे पॉपर, आणि सावकाश. ऑक्टोबरमध्ये शॅड ओढ्यांच्या तोंडाशी गोळा होतात, तेव्हा स्पूक लांब फेकून जलद चालवा.

वाऱ्याचंही बघा. अगदी आरशासारखं पाणी असेल तर पॉपरचा मोठा आवाज मासा बुजवतो, हलक्या हाताने चालवा. पाण्यावर हलकी सुरकुती असेल तेव्हा स्पूक सगळ्यात छान. लाटा उठल्या तर या लूरचा नाद सोडा.

बोट नसेल तर मोठ्या तलावाच्या मागे लागू नका. तुमच्या वसाहतीतलं तळं, शहराच्या बागेतलं तळं, यांत बास असतो आणि काठावरून दहा पावलांत सापडतो. फक्त पाण्याकडे जाताना पाय हळू टाका. पहिला लूर काठापासून वीतभर अंतरावर, काठाला समांतर फेका. बहुतेक लोक मासा जिथे आहे तिथे उभे राहून मासा नाही तिथे लूर फेकतात.

प्रश्न: काकू, घरात वाद झालाय. सासरे देवगडहून आलेत. आमचा नऊ वर्षांचा मुलगा धरलेला बास हळूच पाण्यात सोडतो. सासऱ्यांना हे अजिबात पटत नाही. ते म्हणतात, खायचा नाही तर त्या जिवाला गळ कशाला टोचता? मला दोघांचंही पटतं. तुम्ही मूळच्या मालवणच्या, तुम्हीच सांगा.
— एक वाचक, कॅटी

उत्तर: तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्यांना सांगा की मी त्याचा मान ठेवून उत्तर देते आहे. आमच्या घरीही गरवून आणलेला मासा ताटात यायचाच. खेळ म्हणून जिवाला त्रास द्यायचा नाही, हा संस्कार माझ्यावरही झालेला आहे आणि तो मला चुकीचा वाटत नाही.

म्हणून मी दोन्ही करते. लहान बास खाते, मोठे सोडते. टेक्ससचा सर्वसाधारण नियम चौदा इंचांवरचे पाच बास दिवसाला ठेवता येतात. काही तलावांचे नियम वेगळे असतात, जाण्याआधी बघून घ्या. लेक फोर्कला सोळा ते चोवीस इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो, आणि चोवीसच्या वरचा दिवसाला एकच ठेवता येतो. हा नियम उगीच नाही. मोठे बास जवळजवळ सगळे माद्या असतात, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्यावर चालतात. १९८० मध्ये पाणी अडवलेल्या या तलावातून १९९२ च्या जानेवारीत १८.१८ पाउंडांचा बास निघाला, राज्याचा आजवरचा सर्वांत मोठा. तोही क्रॅपी नावाच्या लहान माशांसाठी जिवंत मासळी लावून बसलेल्या माणसाला लागला. राज्याचं मत्स्यखातं १९८६ पासून तेरा पाउंडांवरचे बास लोकांकडून वीणीसाठी मागून घेतं आणि त्यांची पिल्लं तलावांत सोडतं. सासऱ्यांना हे सांगा. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवण्यामागचं तत्त्व त्यांना माहीत आहे, हे त्याच जातीचं आहे.

खाण्याच्या बाजूनेही लहान बासच बरा. मोठा, वयस्क शिकारी मासा अंगात पारा साठवत जातो. लुइझियानाच्या सीमेवरच्या कॅडो लेकसारख्या काही पाण्यांतल्या बाससाठी आरोग्य खात्याची सूचनाही आहे. मुलांना आणि गरोदर बाईला मोठा बास वाढू नये. पंधरा इंची बासाचं मांस पांढरं, सौम्य आणि बिनवासाचं असतं. कातडी काढा, नाहीतर चिखलाची चव राहते. कोकम आगळ, हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तळा. सासऱ्यांना सुरमईची सर नाही असं वाटेल, आणि ते बरोबरच म्हणतील, पण ताट रिकामं राहणार नाही.

आता सोडण्याबद्दल, कारण नुसतं पाण्यात टाकणं म्हणजे सोडणं नव्हे. मुलाला शिकवा. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगांपासून वाचवतो. खालचा ओठ अंगठा आणि तर्जनीत धरायचा. मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली घालून आडवा धरायचा, जबड्यावर उभा लोंबकळू द्यायचा नाही. फोटो काढणाऱ्याने आधी तयार राहायचं, मग मासा पाण्याबाहेर काढायचा. गळांची उलटी टोकं पक्कडीने दाबून सपाट केली तर गळ सहज निघतो. माझ्या सगळ्या पाण्यावरच्या लूरची टोकं मी अशी दाबलेली आहेत. ऑगस्टमध्ये पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा सावरत नाही. त्या महिन्यात मासा लवकर आत घ्या, आणि सोडायचेच असतील तर दुपारी गरवू नका. सासऱ्यांची हरकत त्या दिवसांत माझीही आहे.

प्रश्न: मासा उसळला आणि लूरचा दुसरा गळ माझ्या मुलीच्या बोटात घुसला. इमर्जन्सीत जावं लागलं. पुन्हा असं झालं तर?
— एक वाचक, सॅन अँटोनियो

उत्तर: तुम्ही गेलात ते योग्य केलंत. आधी मासा आणि लूर वेगळे करा, म्हणजे तडफडणारा मासा गळ आणखी आत ओढणार नाही. लूरपासून गळ कातरीने तोडता यावा म्हणून चांगली तार-कातरी डब्यात ठेवाच. गळाचं उलटं टोक आत गेलं असेल तर गळ मागे ओढू नका. डोळ्याजवळ, सांध्यात किंवा गळ्यावर असेल तर काहीही न करता डॉक्टरकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा. मुलांसाठी काळे चष्मे सक्तीचे, आणि मासा बोटीत आल्यावर लूरला हात लावायचा तो फक्त मोठ्यांनी, लांब पक्कडीने. उलटी टोकं दाबलेली असली की निम्मा प्रश्न सुटतो.

प्रश्न: तुमचा लेख मुलाने पाठवला. माझं सोलापूरजवळ शेततळं आहे. बासची पिल्लं मागवून सोडायचा विचार आहे, म्हणजे नातवंडांना इथेच हा खेळ मिळेल. कुठे मिळतील?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर: काका, कृपा करून सोडू नका. परदेशी मासा देशात आणायला केंद्र सरकारची परवानगी लागते, ती एक गोष्ट. पण परवानगी नसती लागली तरी मी हेच सांगितलं असतं. शेततळं पावसाळ्यात भरून वाहतं, पाणी ओढ्यात जातं, ओढा नदीला मिळतो. उजनी धरणात बाहेरून आलेल्या चिलापी माशाने काय केलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. बास तर शिकारी.

जपानचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९२५ मध्ये तेत्सुमा अकाबोशी या उद्योजकाने अमेरिकेतून आणलेला बास हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडला. हेतू चांगला होता, खायला आणि गरवायला नवा मासा. तिथून तो देशभर पसरला. १९७४ मध्ये बिवा सरोवरात दिसला, ऐंशीच्या दशकात तिथे त्याचा सुळसुळाट झाला. ते सरोवर फार जुनं, त्यातले कितीतरी मासे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. भातात आंबवून फुनाझुशी करतात ती त्यांची पिढ्यान् पिढ्यांची मासळी जाळ्यात मिळेनाशी झाली. आता शिगा प्रांतात बास धरला तर पुन्हा पाण्यात सोडायला २००३ पासून बंदी आहे आणि २००५ पासून देशभर जिवंत बास नेणं-पाळणं कायद्याने गुन्हा आहे. त्याच बिवामध्ये २ जुलै २००९ ला मानाबू कुरिता यांनी २२ पाउंड ४.९७ औंसांचा बास धरला आणि जॉर्जियातल्या जॉर्ज पेरींच्या १९३२ च्या विक्रमाची बरोबरी केली. जवळजवळ एक औंस जास्त असूनही बरोबरीच, कारण नियमाप्रमाणे निदान दोन औंसांनी मागे टाकावं लागतं. गरवणाऱ्यांना या माशाचं केवढं कौतुक वाटतं आणि तिथल्या कोळ्यांना त्याने केवढं रडवलं, दोन्ही एकाच पाण्यात घडलं. मला बास जिवापाड आवडतो, तो इथे त्याच्या मुलखात. तुमच्या तळ्यात मला तो नको.

आणि तुम्हाला तो हवा तरी कशाला? तुमच्याकडे मरळ आहे. पाण्यावरच्या बेडकाला मरळाचा फटका बसतो तो बासच्या तोडीस तोड, मी तर म्हणेन काकणभर सरस. मरळ हवेतून श्वास घेतो, म्हणून त्याला अधूनमधून वर यावंच लागतं. सकाळी काठावर शांत बसलात तर कुठे बुडबुडा फुटतो, कुठे पान हलतं हे दिसेल. तो जिथे वर आला त्याच्या पलीकडे तीन-चार हात बेडूक टाका आणि गवतावरून सावकाश, थांबत थांबत त्याच्यावरून आणा. मरळ वर आला नेमका तिथेच बेडूक टाकलात तर तो बुजतो. त्याचं तोंड हाडांचं, कठीण. त्यामुळे ब्रेडेड दोरी, ताठ रॉड, वजन येईपर्यंत धीर, आणि मग पूर्ण ताकद. दात धारदार असतात, ओठात बोट घालून धरू नका, बासला धरतो तसं तर मुळीच नको.

मरळाचे देशी बीज मत्स्यव्यवसाय विभागाकडे चौकशी केल्यास कुठे मिळेल ते कळेल. तळ्यात रोहू-कटल्याची लहान बोटुकली असतील तर मरळ ती खाईल, हे धरून चला, त्याला वेगळं तळं द्या. बाहेर धरणावर जाणार असाल तर आधी विचारा, बहुतेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि ती त्यांची रोजीरोटी आहे. पावसाळ्यात पाण्यावर बारीक पिल्लांचा गोळा खळबळत फिरताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप दोघेही राखणीला असतात आणि गोळ्यावर पडलेल्या कुठल्याही वस्तूवर तुटून पडतात. तिथे बेडूक टाकला की मासा हमखास लागतो, म्हणूनच तिथे टाकायचा नाही. आई-बाप उचलले की तासाभरात ती पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. नातवंडांना तो गोळा दाखवा, आणि लूर दुसऱ्या काठाला फेका.